तीन एटीएम कार्डांचं अंतर

आपल्याकडे गिटार घरात येण्याचे मुहूर्त दोनच: दहावीचा निकाल आणि चाळिशी. पहिल्या खेपेला ती बक्षीस म्हणून येते, दुसऱ्या खेपेला औषध म्हणून. दोन्ही खेपांना ती आधी कोचावर बसते, मग कोपऱ्यात उभी राहते आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर चढते. ती चढत असताना घरचे निकाल देऊन मोकळे होतात, ‘आपल्या घराण्यातच संगीत नाही.’ घराण्याला उगाच बोल. माझा संशय दुसऱ्यावर आहे. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा दीड-दोन मिलिमीटर जाडीचा असतो आणि तार व लाकूड यांच्यामध्ये दडून बसलेला असतो.

गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, ते फ्रेट. तार आणि फ्रेट यांच्यातल्या या अंतराला गिटारवाले ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात. ते मोजायचं बाराव्या फ्रेटवर, म्हणजे बहुतेक गिटारींच्या मानेवर जिथे दोन ठिपके जोडीने असतात तिथे. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि पहिल्या, सर्वांत बारीक तारेखाली दोनच्या आसपास अंतर असलं, की बोटांचा आणि तारांचा संसार होऊ शकतो. स्वस्तातल्या गिटारवर हेच अंतर चार-साडेचारही भरतं. तिथे तार दाबणं म्हणजे ओली गोधडी वाळत घातलेली दोरी एका बोटाने वर उचलणं. दुकानात मोजपट्टी काढायचा संकोच वाटत असेल तर पाकीट काढा. एटीएम कार्डाची जाडी 0.76 मिलिमीटर असते. तीन कार्डं एकावर एक ठेवली की झाले सव्वादोन मिलिमीटर आणि वर थोडं. (आकडे वर उठून आलेली जुनी कार्डं नकोत, ती जाडी वाढवून सांगतात.) बाराव्या फ्रेटच्या माथ्यावर ही चळत ठेवून जाड तारेखाली सरकवा. तीन अलगद बसली तर छान. चौथं गेलं तर ‘सेटअप करून द्या’ म्हणा, म्हणजे तारांची उंची नीट बसवून द्या. पाचवंही गेलं तर सगळी कार्डं पाकिटात आणि पाकीट खिशात.

हे सगळं करायला दुकानदार वेळ देत नाही, कारण तेवढ्यात तिथला मुलगा गिटार हातात घेऊन वाजवू लागतो. इथेच निम्मे लोक फसतात. त्या मुलाला शहाबादी फरशी दिली तरी तो तिच्यातून सूर काढेल. त्याच्या वाजवण्यावरून त्याची योग्यता कळते, गिटारची नाही. त्याला नम्रपणे थांबवा आणि काहीच येत नसलेल्या माणसाला करता येईल अशी परीक्षा घ्या. सहा तारा, प्रत्येकीवर पहिले बारा फ्रेट, एकेक दाबून एकेक सूर. 72 सूर होतात आणि पाच मिनिटं जातात. एखादा सूर मेल्यासारखा ‘ठप’ आला किंवा डास शिरल्यासारखा गुणगुणला, तर तिथला फ्रेट खाली-वर आहे. मग मानेच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत तळहात फिरवा. फ्रेटची टोकं बोचली तर ती आता बोचणार, उद्याही बोचणार. शेवटी मोबाइलवरचं ट्यूनर, म्हणजे सुराचं अक्षर दाखवणारं अ‍ॅप, लावून मोकळी तार आणि त्याच तारेचा बारावा फ्रेट वाजवा. दोन्हींकडे त्याच अक्षरावर काटा मध्ये यायला हवा. आला नाही तर ही गिटार पहिल्या तीन फ्रेटांत सुरेल आणि वर गेल्यावर बेसूर राहणार, आणि घरचे म्हणणार, घराण्यातच नाही.

आता कोणती घ्यायची. दुकानात तुमच्या मांडीवर बहुतेक ड्रेडनॉट ठेवली जाईल. 1906 साली पाण्यात उतरलेल्या ब्रिटिश युद्धनौकेचं हे नाव. मार्टिन कंपनीने 1916 मध्ये या आकाराची गिटार पहिल्यांदा बनवली ती डिट्सन या दुकानासाठी. नावाप्रमाणे ती आहे. पोट मोठं, आवाज मोठा, आणि बेताच्या चणीच्या माणसाचा उजवा खांदा तिच्यावरून हात टाकताना कानाला लागतो. खांदा दहा मिनिटांत भरून येत असेल तर कंबर बारीक असलेली, जरा लहान पोटाची गिटार मागा. दुकानात 38, 39, 40, 41 असे इंच सांगतात, ते डोक्यापासून बुडापर्यंतच्या लांबीचे. त्यांचा सुरांशी थेट संबंध नाही, तुमच्या हातांशी मात्र आहे.

बोटं दुखतील म्हणून कुणीतरी नायलॉन तारांची क्लासिकल सुचवतं. बोटं कमी दुखतात हे खरं, पण तिची मान नटपाशी, म्हणजे डोक्याजवळच्या खाचांच्या पट्टीपाशी, साधारण 52 मिलिमीटर रुंद असते आणि स्टीलच्या तारांच्या गिटारची 43च्या आसपास. म्हणजे दुखणं टोकावरून बोटांच्या बेचक्यात सरकतं. तुमच्या कानात जी गाणी आहेत ती बहुधा स्टीलच्या तारांची आहेत, तेव्हा स्टीलच घ्यावी, हे माझं मत. एक मात्र कधीच करू नये: नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा. सहा स्टीलच्या तारा मिळून साठ-सत्तर किलोच्या जोराने ओढतात. नायलॉनची गिटार तेवढ्यासाठी बांधलेली नसते. काही दिवसांनी रात्री आतल्या खोलीत फटाका वाजतो. तो फटाका नसतो, ब्रिज, म्हणजे पोटावरची तारा अडकवलेली पट्टी, उखडलेला असतो.

दोन-अडीच हजारांत गिटार, बॅग, पट्टा, पिक आणि जादा तारांचा संच असं सगळं ताट मिळतं. त्या ताटात गिटार सोडून बाकी पदार्थ बरे असतात. आठ-दहा हजारांच्या टप्प्यात, यामाहाच्या एफ 310 सारख्या साध्या गिटारींमध्ये, निदान मान सरळ आणि फ्रेट जागेवर मिळण्याची शक्यता वाढते. वरचं लाकूड अखंड हवं की प्लायचं, या वादात नवशिक्याने पडू नये. आपल्या दमट हवेत प्लायचं लाकूड कमी कुरकुर करतं, एवढं पुरे. आणि पैसे उरले तर ते रंगावर नाही, सेटअपवर घाला. कारागीर ब्रिजवरची सॅडलची पट्टी, म्हणजे जिच्यावर तारा टेकतात ती, बुडाकडून घासतो. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते. नटच्या खाचाही तो पाहतो. तुम्हालाही पाहता येईल: तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर नजर लावा. तिथे केसाएवढी फट हवी. बोट शिरेल एवढी असेल, तर पुढे येणाऱ्या एफ कॉर्डच्या (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे अनेक सूर) छळाची पायाभरणी झालेली आहे. जातानाच 10 नंबरच्या बारीक तारा लावून घ्या. गिटारला येताना बहुतेकदा 12च्या असतात आणि त्या मर्दानी खेळासाठी ठीक आहेत.

घरी आल्यावर पहिला अपघात ट्यूनिंगचा. जाड तारेपासून ई, ए, डी, जी, बी, ई. दोन्ही टोकांना ई, आणि इथेच घात. ट्यूनर अक्षर दाखवतं. सूर खालच्या सप्तकातला की वरच्या, हे बरीच ट्यूनर सांगत नाहीत. बारीक ई पिळता पिळता माणूस सूर ओलांडून पुढे जातो, ट्यूनर एफ, मग एफ शार्प, मग जी दाखवतं, माणसाला वाटतं फिरून ई येईलच. येतो तो तुकडा. दुसरा प्रकार त्याहून प्रामाणिक: छेडायची तिसरी तार आणि पिळायची चौथीची खुंटी. काटा ढिम्म हलत नाही म्हणून माणूस आणखी पिळतो. यावर उपाय एकच, खुंटीपासून तारेवर बोट ठेवून खाली यायचं, मगच छेडायचं. सूर वर गेला तर बराच खाली उतरवून पुन्हा खालून वर आणायचा, म्हणजे खुंटीतली ढील निघते. नव्या तारा दोन-तीन दिवस उतरतच राहतात. ते त्यांचं वय आहे, तुमचं पाप नाही.

मग बोटं. डाव्या हाताची नखं कापायची, पार मुळापर्यंत. बोट फ्रेटच्या धातूला खेटून मागे ठेवायचं, दोन फ्रेटांच्या मधोमध नाही. मधोमध दुप्पट जोर लागतो आणि सूर निम्मा येतो. रोज 15 मिनिटं वाजवलं तर तीन-चार आठवड्यांत टोकं घट्ट होतात. रविवारी सलग दोन तास वाजवणाऱ्याला सोमवारी शर्टाची बटणंही लावता येत नाहीत. भांडी घासून किंवा आंघोळ करून लगेच बसू नये, ओली कातडी तारेखाली कापली जाते. हे कारण भांडी टाळायला वापरण्यात मला काही गैर वाटत नाही.

कॉर्डची सुरुवात ई मायनरने करावी, दोनच बोटं लागतात आणि सहाही तारा वाजवता येतात. मग ए मायनर आणि सी. या जोडीत मोठी सोय आहे: पहिलं बोट दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर आणि दुसरं चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर तसंच राहतं, फक्त तिसरं बोट तिसऱ्या तारेवरून उठून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जाऊन बसतं. तरी नवशिका तिन्ही बोटं उचलतो, हवेत झटकतो आणि पुन्हा पत्ता शोधत खाली येतो. घड्याळ लावून एका मिनिटात किती बदल होतात ते मोजा. तीसपर्यंत आकडा गेला की गाणं थांबत नाही.

यानंतर एफ. अनेक गिटारी इथेच माळ्यावर जातात. पहिल्या बोटाने सहाही तारा आडव्या दाबायच्या, असं सांगितलं जातं आणि माणूस दात-ओठ खाऊन सहाही दाबतो. खरं तर त्या बोटाला सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच तारा सांभाळायच्या आहेत. मधल्या तिघींना बाकीची बोटं धरून आहेत. बोट सपाट ठेवायचं नाही, अंगठ्याच्या बाजूला किंचित कलतं करायचं, म्हणजे मऊ मांसाऐवजी हाडाची कड तारेवर येते. कोपर अंगाजवळ घ्यायचं. आणि मुख्य म्हणजे पहिल्या फ्रेटवर सुरुवातच करायची नाही, तिथे नट जवळ असल्याने तार सर्वांत ताठ असते. हाच आकार पाचव्या फ्रेटवर धरा, तिथे तो ए मेजर होतो. जमला की एकेक फ्रेट खाली उतरा. दोन महिने लागले तरी चालतील. तोवर पहिली तार मोकळी सोडून चारच तारांची एफ मेजर सेव्हन वाजवावी. ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. कळलाच तर तो स्वतः गिटारवाला असतो आणि तोही अजून एफशी झगडतच असतो.

उजव्या हाताचं दुखणं वेगळं, तिथे लाज दुखते. नेटवर सगळीकडे ‘डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप’ हा मंत्र सापडतो. तबल्याच्या देशात तो असा पाठ करण्याची गरज नाही. केरव्याच्या आठ मात्रा धरा. विषम मात्रेवर हात खाली, सम मात्रेवर वर, घड्याळाच्या लंबकासारखा, न थांबता. दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला हात फिरतो पण तारेला लागत नाही. झाला मंत्र. हात थांबला की ताल गेला; तार चुकली तर कुणाचं लक्ष जात नाही.

जून उजाडला की मात्र गिटार स्वतःच वाजायची बंद होते. मुंबई, कोकण, गोव्याच्या जुलैत हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते, आणि लाकडाला 45 ते 55 मानवते. पोटाचं लाकूड पाणी पितं, फुगतं, ब्रिज वर उचलतो आणि तुमचं तीन कार्डांचं अंतर चार कार्डांचं होतं. तेव्हा तिला बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या बॅगेत टाका. वाजवून झालं की तारा कोरड्या सुती कापडाने पुसा, जुना बनियन उत्तम. आणि मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवू नका. आत भट्टी होते, डिंक मऊ पडतो आणि साठ-सत्तर किलोची ओढ वाटच पाहत असते.

इतकं सगळं पार पडलं की गणपतीत पाहुणे येतात आणि ‘वाजव की काहीतरी’ होतं. गाणार मावशी. त्या पेटीवर शिकलेल्या, त्यामुळे सी-डी-ई त्यांना माहीत नाही. त्या म्हणतात, ‘माझी पट्टी काळी चार.’ घाबरू नका. काळी चार म्हणजे जी शार्प: कॅपो, म्हणजे सगळ्या तारा आडव्या दाबून धरणारा चिमटा, पहिल्या फ्रेटवर, आणि बोटं जीच्या कॉर्डांची. काळी पाच म्हणाल्या तर कॅपो तिसऱ्यावर, कॉर्ड जीच्याच. काळी दोनला कॅपो तिसऱ्यावर आणि सीच्या. पांढरी चार म्हणजे थेट एफ, आपला जुना वैरी. तिथे कॅपो तिसऱ्यावर लावून डीच्या कॉर्ड धराव्यात आणि मनात हसावं. कॅपो लावल्यावर ट्यूनिंग एकदा पाहून घ्या, तो तारा थोड्या चढवतो. मावशी मात्र ध्रुवपद संपता संपता अर्धी पट्टी वर सरकतात, आणि त्यासाठी कॅपोत अजून काही सोय नाही.