भगवा फेटा आणि ‘प्रो’चा हट्ट

गुढीपाडव्याची शोभायात्रा उरकली की ठाण्यातल्या फोटोवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास पुन्हा वर येतो. “स्टँडर्ड व्हर्जनवर पैसे घालवू नका, क्वालिटी मार खाते. प्रिंट काढायची तर सीएमवायके हवं, म्हणजे प्रोच हवं. १६ बिटशिवाय फोटो फुटतो. एकदा प्रो घ्या, जन्मभर निवांत. काम मिळवायचं तर प्रोच लागतं. परवडत नसेल तर लिंक देतो.” स्टँडर्ड म्हणजे फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरची छोटी, स्वस्त आवृत्ती फोटोशॉप एलिमेंट्स आणि प्रो म्हणजे पूर्ण फोटोशॉप, हे गृहीतच.

मी वागळे इस्टेटमधल्या एका छापखान्यात प्रीप्रेसला, म्हणजे आलेल्या फायली छपाईसाठी तयार करायला, बसतो. हा मेसेज वाचून तयार झालेल्या फायली शेवटी माझ्याच टेबलावर येतात, म्हणून मुद्द्यांना उत्तर देतो.

क्वालिटीचा मुद्दा आधी उडवून लावू. २००७ साली सीएस३ आलं तेव्हा खुद्द फोटोशॉपच दोन प्रकारांत विकलं जात होतं, साधं आणि एक्स्टेंडेड. महागड्या एक्स्टेंडेडमध्ये जास्तीचं काय होतं? थ्रीडी, व्हिडिओचे लेयर म्हणजे थर, मोजमापाची साधनं, डायकॉम म्हणजे दवाखान्यातल्या स्कॅनच्या फायली. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला यातलं काय लागणार होतं? उजेड-रंग सुधारायची लेव्हल्स आणि कर्व्ह्ज ही साधनं, शार्पनिंग, सगळं दोन्हींत सारखंच. २०१३ मध्ये फोटोशॉप सीसी आलं आणि तो भेदच संपला. एलिमेंट्स आणि फोटोशॉप यांच्यात फरक नक्की आहे: एलिमेंट्समध्ये वस्तूची कडा नेमकी आखायचं पेन टूल नाही, एकेक रंग वेगळा दाखवणारा चॅनल्सचा पॅनेल नाही, कर्व्ह्ज आहेत ते जुजबी, स्वतःची अॅक्शन, म्हणजे एका क्लिकवर चालणारी कामांची मालिका, रेकॉर्ड करता येत नाही. पण हा सोयीचा आणि नियंत्रणाचा फरक झाला. लेव्हल्सचा तोच स्लायडर तेवढाच सरकवला तर एलिमेंट्समधून आलेला फोटो मळकट दिसत नाही. लेयरचा हवा तेवढाच भाग दाखवणारा लेयर मास्कसुद्धा त्यात २०१० पासून आहे, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावी नसावं.

आता सीएमवायके, म्हणजे सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या छपाईच्या चार शायांचा हिशेब. सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने केलंय.

नौपाड्यात किंवा गोखले रोडला लॅबमध्ये ४×६ किंवा १२×१८ची प्रिंट काढायला देता, तिथे बहुतेक मिनीलॅबमध्ये शाई नसतेच. लाल, हिरव्या, निळ्या लेझरने फोटोपेपरवर प्रकाश टाकतात आणि मग कागद रसायनात धुतात. त्या मशिनला आरजीबी, म्हणजे याच लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या हिशेबातली, जेपेग हवी असते. घरच्या इंकजेटमध्ये शाई असते खरी, पण तिचा ड्रायव्हरही आरजीबीच मागतो आणि रूपांतर स्वतः करतो. फ्लेक्सवाल्याकडे हे काम त्याचं रिप सॉफ्टवेअर करतं.

उरलो आम्ही ऑफसेटवाले. आमच्याकडे सीएमवायके लागतंच, चार रंगांच्या चार प्लेटा निघतात. पण कुठलं सीएमवायके? फोटोशॉप नवं टाकलं आणि सेटिंगला हात लावला नाही, की बहुतेक वेळा ते रूपांतर ‘यूएस वेब कोटेड स्वॉप’ या प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोणत्या कागदावर कोणता रंग कसा उतरेल याच्या तक्त्यानुसार, होतं. ते अमेरिकेतल्या रोलवर छापणाऱ्या मशिनांसाठी बनवलेलं. आमच्याकडे सुट्या कागदांवर छापणारं शीटफेड मशीन, आर्ट पेपर वेगळा, शाई वेगळी. मग काय होतं ते कौपिनेश्वर मंदिरापासून निघालेल्या यात्रेच्या फोटोत स्पष्ट दिसतं. भगवा फेटा आणि झेंडूचं तोरण हे रंग मॅजेंटा-पिवळ्याच्या आवाक्याच्या अगदी काठावर किंवा त्याबाहेर असतात. मोड बदलल्याबरोबर फेटा विटकरी होतो. घाबरून पुन्हा आरजीबी केलं तरी गेलेला भगवा परत येत नाही, कारण ती माहितीच फायलीतून गेलेली असते. म्हणजे प्रो घेऊन माणसाने स्वतःच्याच हाताने फोटो मारला. एलिमेंट्समध्ये सीएमवायके मोडच नाही, त्यामुळे तिथे फोटो वाचला असता.

फाइल आरजीबीच पाठवा, प्रोफाइल आत ठेवून. कागद कोणता ते सांगा, रूपांतर छापखान्यात होऊ दे आणि प्रूफ बघितल्याशिवाय सही करू नका. बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईतच हवीत, ही पत्रिकावाल्यांची तक्रार रास्त आहे. पण ती अक्षरं फोटोत टाकायचीच नसतात. कोरलड्रॉ किंवा इनडिझाइन त्यासाठीच आहे.

१६ बिटचं अर्धं खरं आहे. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या. कॅमेऱ्यातून कच्ची येणाऱ्या १४ बिटच्या रॉ फायलीत १६,३८४. ऐरोलीहून खाडीत फ्लेमिंगो बघायला बोटीने गेलात, एकसलग आकाश टिपलंत आणि ८ बिटमध्ये त्याचा उजेड-रंग जोरात ओढलात, तर आकाशात पट्टे पडतील. इलाज सोपा आहे. ओढाताण रॉ उघडतानाच करून घ्यायची. एलिमेंट्ससोबत येणाऱ्या कॅमेरा रॉमध्ये नियंत्रणं कमी आहेत, पण एक्स्पोजर, शॅडो, व्हाइट बॅलन्स तिथेच होतात, आणि तेव्हा फायलीतली सगळी माहिती हाताशी असते. नंतरच्या किरकोळ कामाला ८ बिट पुरतं. मोबाइलची जेपेग १६ बिटमध्ये उघडून काही हाती लागत नाही, नसलेल्या पायऱ्या कुठून येणार?

‘एकदा घ्या, जन्मभर निवांत’ हे तर सरळ चूक. कायमच्या लायसन्सचं शेवटचं फोटोशॉप २०१२चं सीएस६. त्यानंतर भाडंच. गंमत म्हणजे एलिमेंट्सही आता निवांत राहिलेलं नाही, २०२५च्या आवृत्तीपासून लायसन्स तीन वर्षांचं झालंय. भाडं थांबलं की पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या स्वतःच्या, फायली तुमच्याच राहतात, पण इतर सॉफ्टवेअरमध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट आणि अॅडजस्टमेंट लेयर जसेच्या तसे उघडतील याचा भरवसा नाही. झालेल्या कामाची एक टिफ वेगळी ठेवावी.

कामाच्या बाबतीत मात्र मेसेजशी माझं भांडण नाही. करिझ्मा अल्बम, म्हणजे लग्नाचे मोठ्या पानांचे छापील अल्बम, डिझाइन करायला बसायचं असेल तर फोटोशॉपच घ्या, दुसरा विचार करू नका. टेम्प्लेट पीएसडीत येतात, दिवसभर अॅक्शन चालवाव्या लागतात, आणि दागिने-साडीच्या कॅटलॉगला पेन टूलने आखलेला पाथच, म्हणजे वस्तूची बाह्यरेषाच, मागतात. फक्त मशीनचाही हिशेब करा. १२×३६ इंचांचं एक शीट ३०० डीपीआयला ३,६०० गुणिले १०,८०० पिक्सेल, म्हणजे ३ कोटी ८८ लाखांवर. ८ बिटमध्ये एकच भरलेला लेयर ११० एमबीच्या पुढे जातो, १६ बिटमध्ये दुप्पट. ८ जीबी रॅमवर प्रो टाकून कर्सर फिरताना बघत बसलेली मुलं मी पाहिली आहेत. ज्याला महिन्याला चार फोटो छापायचेत त्याने तोच पैसा मॉनिटर कॅलिब्रेट करण्यात घालावा. “प्रिंट काळी आली” म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणांच्या स्क्रीनचा ब्राइटनेस शंभरावर असतो.

राहिली लिंक, म्हणजे फोटोशॉपच्या चोरीच्या कॉपीची. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ६३बी नुसार बेकायदा प्रत आहे हे माहीत असून संगणकावर वापरली तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. दुकानाच्या मशिनवर ती पळवाट नाही. शिवाय क्रॅक टाकताना अँटिव्हायरस बंद करा म्हणतात, तेव्हा त्याच मशिनवर गिऱ्हाइकांच्या लग्नाचे फोटो पडलेले असतात. पैसे नसतील तर रॉसाठी डार्कटेबल आणि पुढच्या कामाला गिंप, दोन्ही फुकट आणि कायदेशीर. गिंपमध्ये युनिकोड मराठीची जोडाक्षरंही नीट जुळतात, जुन्या फोटोशॉपमध्ये ती तुटायची.