तयार माणूस येणार कुठून? भोसरीच्या एका वर्कशॉपमालकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

पुणे पट्ट्यातल्या लहान कारखान्यांना कुशल कामगार का मिळत नाहीत, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. नाव न देता ‘भोसरीतला जॉबवर्कवाला’, म्हणजे मोठ्या कंपन्यांना सुटे भाग करून देणारा, एवढीच ओळख तुम्ही दिली आहे. उत्तर चार ओळींत मावण्यासारखं नाही, म्हणून वेगळी पोस्ट लिहिते आहे.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. बावीस माणसांचं वर्कशॉप आहे, तिथली एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन, चालवायला ऑपरेटर नाही म्हणून बंद उभी आहे. गेटवर दोन महिने बोर्ड लावलाय, पण ढंगाचा माणूस येत नाही. आयटीआयच्या पोरांना काही येत नाही. शिकवून तयार केलं की सहा महिन्यांत अडीच हजार जास्तीसाठी चाकणच्या मोठ्या कंपन्या गाठतात. ‘पगार वाढवा’ म्हणणं सोपं आहे, पण काम देणारी वरची कंपनी दरवर्षी रेट कमी करून मागते. स्थानिक पोरांना कष्ट नकोत आणि बाहेरचा माणूस सणाला गावी गेला की फिरकत नाही. यावर तुमचा उपाय असा, की परिसरातल्या मालकांनी एकमेकांची माणसं वर्षभर घ्यायची नाहीत असं ठरवावं आणि मुलांच्या मूळ मार्कशीट ठेवून घ्याव्यात.

रेटचा मुद्दा आधी घेते, कारण तो शंभर टक्के खरा आहे. स्टील वाढतं, वीज वाढते आणि पर्चेसवाला मात्र दरवर्षी ठरल्यासारखी कपात मागतो. त्यात बिलाचे पैसे तीन-तीन महिने अडकतात. लहान पुरवठादाराला ४५ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत हे २००६च्या एमएसएमई (लघुउद्योगांच्या) कायद्यात आहे. आता तर वेळेत न दिलेल्या बिलाची वजावट मोठ्या कंपनीला त्या वर्षी आयकरात घेता येत नाही. तरी तक्रार करायची म्हणजे ऑर्डर गमावण्याची भीती. तुमचा हात किती आखडलेला असतो हे मला माहीत आहे. माझी नोकरीची बरीच वर्षं चाकणच्या एका कारखान्यात भरती आणि प्रशिक्षण बघण्यात गेली. तुमच्याकडून निघालेली मुलं माझ्या टेबलासमोर येऊन बसायची.

म्हणूनच पुढचं ठामपणे सांगते. ती मुलं फक्त अडीच हजारांसाठी येत नव्हती. ‘आधीची नोकरी का सोडली?’ असं विचारलं की पहिलं उत्तर पगाराचं असायचं आणि थोडं बोलतं केलं की दुसरं निघायचं. पगार सात तारखेला होतो म्हणाले, हातात पडायचा वीसला. ओव्हरटाइम दुप्पट म्हणाले, दिला सिंगलने. पीएफ कापला, पण खात्यावर दिसत नाही. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं, ‘मॅडम, पुढं किती वाढणार ते कुणी सांगतच नाही.’

चाकणच्या अडीच हजारांत आणखी काय काय असतं तेही बघा. कंपनीची बस आणि कँटीनचं जेवण. लातूर-नांदेडहून आलेला मुलगा भोसरीच्या लांडेवाडीत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचं भाडं देऊन राहतो, मेसला तीन हजारांच्या घरात मोजतो. त्याला एक वेळचं जेवण आणि जाणं-येणं फुकट मिळालं तर त्याच्या दृष्टीनं फरक अडीच हजारांचा राहत नाही, चार-साडेचारचा होतो. तुम्ही बस लावू शकत नाही. पण दुपारच्या जेवणाचा डबा लावू शकता. बावीस जणांचा डबा एका मेसवालीला लावून दिला तर पगारात तेवढीच वाढ देण्यापेक्षा तो स्वस्त पडतो, आणि मुलाला तो रोज दिसतो.

आता बंद व्हीएमसीचा हिशेब. समजा तुमच्या मशीनचा ताशी दर पाचशे आहे. आठ तासांची एकच पाळी धरली आणि तीन आठवड्यांचे अठरा दिवस मशीन उभं राहिलं, तर बहात्तर हजारांचं काम हातचं गेलं. तुमची तर दोन महिने उभी आहे. ज्या ऑपरेटरला अडीच हजार वाढवून दिले नाहीत, त्याची वर्षाची वाढ तीस हजार झाली असती. मशीनचा हप्ता तर मशीन चालो वा बंद असो, चालूच आहे. रेट कमी मिळतो म्हणून पगार वाढवता येत नाही हे मान्य करूनही हा हिशेब एकदा स्वतःच्या आकड्यांनी कागदावर मांडा, एवढंच म्हणते.

बोर्डाबद्दल. ‘पाहिजेत : सीएनसी/व्हीएमसी ऑपरेटर, अनुभवी, पगार योग्यतेनुसार.’ हाच बोर्ड भोसरीत सेक्टर ७ पासून सेक्टर १० पर्यंत गेटोगेटी दिसतो. तो वाचून ज्याला काम येतं तो आत येत नाही, कारण त्याच्याकडे आधीच काम आहे आणि ते सोडण्यासारखं बोर्डावर काही नाही. आत येतो तो ज्याला कुणी ठेवलेलं नाही. त्या बोर्डावर हातात पडणारा पगार आकड्यात लिहा. पाळी किती ते किती, सुट्टी कोणत्या वारी, पीएफ-ईएसआय पहिल्या दिवसापासून, पगार ७ तारखेला, मशीनचा कंट्रोलर कोणत्या कंपनीचा, फॅनुक की सिमेन्स, हे लिहा. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा हा नियमच आहे, त्यामुळे त्यात उपकार काही नाही. पण ते बोर्डावर लिहिणारा मालक विरळा, आणि मुलं ते बरोबर टिपतात. बोर्डापेक्षाही चांगली माणसं तुमच्या जुन्या कामगारांच्या ओळखीतून येतात. गावाकडचा मुलगा आणणाऱ्याला काही रक्कम द्या, अर्धी मुलगा रुजू झाल्यावर आणि अर्धी तो सहा महिने टिकल्यावर. मग आणणारा स्वतःच त्याला सांभाळतो, खोली बघून देतो आणि दिवाळीनंतर फोन करून परतही बोलावतो. सणाला गेलेला माणूस परत येत नाही या तुमच्या तक्रारीवर मला यापेक्षा चांगला उपाय माहीत नाही. जाताना रजा लेखी मंजूर करून परतीची तारीख लिहून द्या आणि हिशेबाचे पैसे अडकवू नका. पैसे अडकवले की माणूस परत येतो हा समज मी अनेक मालकांकडे पाहिला आहे. तो ते पैसे सोडून देतो आणि गावात तुमचं नाव सांगतो.

‘आयटीआयच्या पोरांना काही येत नाही.’ याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं, कारण टंचाईचं मूळ मला इथेच दिसतं. दोन वर्षांचा टर्नर किंवा मशिनिस्ट करून आलेला मुलगा तुमच्या मशीनवर पहिल्या दिवशी उत्पादन देणार नाही, हे खरं. तसं त्यानं द्यावं ही अपेक्षाच कुठून आली? मुलाखतीत आपण विचारतो, ‘किती वर्षांचा अनुभव?’ त्यातून काहीच कळत नाही. पाच वर्षं फक्त बटण दाबून जॉब बदलणाराही अनुभवी असतो.

त्याऐवजी टेबलावर लेथवर टर्न केलेला एक शाफ्ट, एक मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) आणि ड्रॉइंग ठेवा. ड्रॉइंगवर व्यास २५ एच७ (लहान लिपीतला h) आहे, म्हणजे वरची हद्द २५.००० मिलिमीटर आणि खालची २४.९७९. मुलाला मोजायला सांगा. तो मायक्रोमीटर आधी शून्याला तपासतो का, टोकाच्या रॅचेटने हलकेच आवळतो की थिंबल (फिरती नळी) जोरात पिळतो, तिथंच निम्मं कळतं. समजा माप २५.०१२ आलं. आता विचारा, ऑफसेट, म्हणजे मशीनवर टूलच्या मापात करायची दुरुस्ती, किती देशील? ‘बारा मायक्रॉन (०.०१२ मिलिमीटर) कमी करतो’ म्हणणाऱ्यानं वजाबाकी केली, पण जॉब बरोबर वरच्या हद्दीवर आणून ठेवला; टूल जरा झिजलं की पुढचा पीस बाहेर. ‘बावीस-तेवीस देतो, म्हणजे मधे येईल’ म्हणणारा मुलगा विचार करतोय. तो फ्रेशर असला तरी घ्या. उत्तर चुकलं, पण तुम्ही समजावल्यावर दुसऱ्या मापाला बरोबर आलं, तर त्यालाही घ्या. या चाचणीला पंधरा मिनिटं लागतात आणि प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांपेक्षा तिच्यातून खूप जास्त समजतं.

पुण्याचा कुशल कामगार आयता कधीच मिळालेला नव्हता. टेल्को (आजची टाटा मोटर्स) पिंपरीत आली तेव्हा तिचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी आधी टूलरूम आणि अप्रेंटिसांचं, म्हणजे शिकाऊ उमेदवारांचं प्रशिक्षण उभं केलं. पुण्यातून पहिला ट्रक बाहेर पडायला १९७७ उजाडलं. आज भोसरीत स्वतःचं वर्कशॉप चालवणारे कितीतरी मालक अशाच कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या अप्रेंटिस शाळेतून घडले. आपल्याला तयार माणूस मिळत होता, कारण दुसरं कुणीतरी तो तयार करत होतं. मोठ्या कंपन्यांनी ते काम कमी केलं, ट्रेनी आणि कंत्राटी माणसांवर लाइन चालवायला लागल्या, आणि आता सगळेच जण त्याच थोड्या तयार माणसांच्या मागे धावताहेत. त्यात चाकण, तळेगाव, रांजणगाव आले. २०२४मध्ये तर राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. या ओढाताणीत बावीस माणसांचं वर्कशॉप पैशाच्या जोरावर जिंकणार नाही. तुम्हाला अर्धा तयार मुलगा घेऊन आपल्याकडे पूर्ण करावा लागेल, आणि तो पूर्ण होताना त्याचा पगार मागे राहणार नाही अशी सोय करावी लागेल.

त्यासाठीचा रस्ता शिकाऊ उमेदवारी कायद्यात आहे. कायदा १९६१चा आहे, पण नियम बदलत आले आहेत. तीस किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस असतील तर ऐच्छिक. तुम्ही ऐच्छिकमध्ये येता. एकूण माणसांच्या पंधरा टक्क्यांची मर्यादा धरली तर तुम्हाला तीन अप्रेंटिस घेता येतील. २०१९च्या नियमांनी आयटीआय झालेल्याचं किमान विद्यावेतन सात हजार ठरवलं. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा पंचवीस टक्के वाटा, जास्तीत जास्त महिना दीड हजार, उचलतं. पण किमान म्हणजे तेवढंच द्यायचं असं नाही. सात हजारांत भोसरीत कुणी जगू शकत नाही. दहा-बारा हजार द्या आणि पूर्ण वर्ष खरोखर शिकवा. अप्रेंटिसला पीस रेट लावता येत नाही, परवानगीशिवाय ओव्हरटाइमला थांबवता येत नाही, आणि काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी तुमची. अप्रेंटिस म्हणजे स्वस्तातला हेल्पर नव्हे, हे मी जिथं जाईन तिथं सांगते, कारण ‘ट्रेनी’ शब्दाखाली वर्षानुवर्षं झाडू मारायला आणि जॉब उचलायला लावलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या मनातून या क्षेत्राबद्दलचा विश्वासच उडतो. मग आपण म्हणतो, पोरांना कष्ट नकोत.

आणि सहाव्या महिन्यात पळण्याचं काय? माझ्या माहितीतल्या एका ग्राइंडिंग शॉपच्या मालकांनी हजेरी रजिस्टरच्या वर भिंतीवर एक कागद लावला आहे. स्वतः ऑफसेट देऊन पहिला पीस क्वालिटीकडून पास करून घेतला की दीड हजार वाढ. ड्रॉइंग वाचून स्वतः सेटिंग केलं की आणखी दोन हजार. दुसऱ्या मुलाला शिकवून तयार केलं की आणखी दीड. वाढ त्याच महिन्यापासून मिळते, दिवाळीची वाट बघत नाहीत. त्यांच्याकडूनही मुलं जातात. पण ती जाण्याआधी येऊन बोलतात, आणि जागेवर बसेल असा मुलगा तोवर तयार असतो. सहा महिन्यांत मुलाचं कौशल्य वाढतं हे चाकणच्या एचआरला कळतं, त्या मुलाला कळतं. आपल्या पगारपत्रकालाही ते कळायला हवं.

तुमच्या प्रतिक्रियेत मुलींचा उल्लेखच नाही, म्हणून मीच विचारते. तुमच्यापासून अगदी जवळ कासारवाडीला पिंपरी-चिंचवड महापालिकेचं मुलींचं आयटीआय आहे. तिथं कधी गेला आहात? टाटा मोटर्सच्या पुण्याच्या कारखान्यात हॅरियर आणि सफारीच्या जुळणीची लाइन महिला चालवतात, आणि आपल्याकडे अजून ‘लेडीजला मशीनवर कसं ठेवायचं’ यावर चर्चा होते. व्हीएमसीवर वजनी जॉब असेल तर हॉइस्ट लागतो, तो पुरुषांच्या कमरेसाठीही लागतोच. दिवसपाळी, आतून कडी लागणारं स्वच्छ स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला खोली, एवढ्यापासून सुरुवात करा. इन्स्पेक्शन आणि सीएनसीवर भोसरी-मोशीतच राहणाऱ्या मुली मिळतील. त्यांना चाकणला जायचं म्हणजे नाशिक रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये दोन-दोन तास घालवायचे असतात. जवळचं काम हेच त्यांच्यासाठी मोठं आकर्षण आहे. चाकणकडे नसलेली ही एक गोष्ट तुमच्याकडे आहे.

शेवटी मार्कशीटबद्दल. मालकांनी एकमेकांची माणसं न घेण्याचं ठरवलं तर मुलगा भोसरी सोडून थेट रांजणगावला जाईल. तुमच्या परिसरात यायला तर नवा मुलगा आणखी कचरेल. आणि कुणाची मूळ कागदपत्रं कपाटात ठेवण्याचा अधिकार मालकाला कुठलाही कायदा देत नाही. ज्या मुलाची मार्कशीट तुमच्याकडे आहे, त्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा असेल, कुठल्या भरतीचा अर्ज भरायचा असेल, तर तो तुमच्या केबिनबाहेर हात बांधून उभा राहतो. अशानं माणूस थांबतो असं तुम्हाला वाटतं, पण तो मनानं त्याच दिवशी गेलेला असतो. तुमच्याकडे आज अशा मार्कशीट असतील तर उद्या पाळी सुटायच्या आधी ज्याच्या त्याच्या हातात द्या. भरतीच्या वेळी मूळ प्रत बघायची आणि झेरॉक्स ठेवायची, पुरे.

आयटीआयच्या परीक्षा उन्हाळा संपता संपता सुरू होतात आणि मोठ्या कंपन्या निकालाआधीच कॅम्पसला येऊन जातात. तुम्ही औंधच्या शासकीय आयटीआयमध्ये किंवा मोरवाडी-कासारवाडीला त्याआधी, शेवटच्या सत्रातच जा. टर्नर-मशिनिस्टच्या निदेशकांना भेटा, चार मुला-मुलींना एक दिवस वर्कशॉप दाखवायला बोलवा, तो शाफ्ट आणि मायक्रोमीटर तेव्हाच टेबलावर ठेवा. अप्रेंटिसच्या पोर्टलवर नोंदणी करताना अडलं तर खाली लिहा. पुढच्या पोस्टमध्ये मी तेच टप्प्याटप्प्यानं लिहिते आहे, तुमच्या अडचणी त्यात घेईन.