‘ऑक्सिजन जास्त दिल्याने आजवर कोण मेलंय?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

म्हापसेकरबाब, नमस्कार.

‘ऑक्सिजनचंही प्रिस्क्रिप्शन लिहा’, म्हणजे औषधासारखा तोही टार्गेट लिहून, मोजून द्या, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली ‘एक म्हापसेकर’ या नावाने तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा देते. तुमच्या वडिलांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होत जाणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. इस्पितळात त्यांचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का, ९० होतं, तुम्ही ऑक्सिजन वाढवायला सांगितलात, सिस्टरने वाढवला नाही. त्यावर तुमचे शब्द: ‘एसीत बसून आकडे लिहिणाऱ्यांमुळे सिस्टरी मुजोर झाल्यात. २०२१ साली बांबोळीत [गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात] माणसं ऑक्सिजनविना गेली आणि तुम्ही शिकवता, कमी द्या. जास्त दिल्याने आजवर कोण मेलंय?’ शिवाय मास्कचे रंग, काळ्या त्वचेवर चुकणारं बोटाचं यंत्र आणि रात्रपाळीला अपुऱ्या सिस्टर, असे तीन मुद्दे तुम्ही जोडलेत.

आधी भाषेबद्दल, कारण ती लागली. ज्या बाईला तुम्ही मुजोर म्हणता, तिने त्या रात्री काय केलं? केसपेपरवर डॉक्टरांनी ‘टार्गेट ८८ ते ९२’ लिहिलं होतं, हे तुम्हीच सांगता. ९० हा आकडा त्याच्या ऐन मध्यावर येतो. नातेवाईक खाटेपाशी उभा राहून आवाज चढवतो, तेव्हा फ्लोमीटरची, म्हणजे ऑक्सिजनचा प्रवाह मोजणाऱ्या नळीची, कळ अर्धा फेरा फिरवून वाद मिटवणं फार सोपं असतं. तिने तो सोपा मार्ग घेतला नाही आणि तुमची बोलणी खाल्ली. तुमचे वडील आज घरी आहेत, हेही तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. त्या दोन वाक्यांच्या मधोमध कुठे तरी तिच्यासाठी एक बरा शब्द मावला असता. आणि एसीचं म्हणाल, तर माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं छातीच्या वॉर्डात रात्रपाळ्या करण्यात गेली. आता तिथेच उभी राहून नर्सिंगच्या मुलींना शिकवते. मिरवण्यासाठी हे सांगत नाही, पण काही माहीत नसताना कोणी माझी जागा ठरवू लागलं तर सांगणं भाग पडतं. लेखावर हवी तेवढी टीका करा. माणसांना नावं ठेवू नका.

आता ते वाक्य. ‘जास्त दिल्याने आजवर कोण मेलंय?’ तुम्ही टोमणा मारलात, मी प्रश्न समजून उत्तर देते.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकांमध्ये झालेली एक चाचणी २०१० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. दम लागलेले ४०५ रुग्ण होते. काहींना तोवरच्या रिवाजाप्रमाणे मास्कने भरपूर ऑक्सिजन दिला, काहींना सॅच्युरेशन ८८ ते ९२ राहील इतकाच. पहिल्या गटात ९ टक्के दगावले, दुसऱ्यात ४ टक्के. ज्यांना सीओपीडी असल्याचं पुढे पक्कं झालं, त्यांच्यात हे आकडे ९ आणि २ होते. लक्षात घ्या, फरक फक्त इस्पितळात पोचेपर्यंतच्या ऑक्सिजनचा होता. काणकोणहून किंवा वाळपईहून बांबोळीला येणारा रुग्ण तासाहून अधिक वेळ असाच मास्क लावून येतो. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ने सोळा हजारांहून अधिक रुग्णांच्या पंचवीस चाचण्या एकत्र तपासून छापल्या. त्यात फक्त सीओपीडीवाले नव्हते. हृदयविकार, पक्षाघात, जंतुसंसर्ग, सगळेच होते. तिथेही सढळ हाताने ऑक्सिजन दिलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले. त्याच्याही आधी, १९४० आणि ५०च्या दशकांत, अपुऱ्या दिवसांची बाळं अतिरिक्त ऑक्सिजनमुळे आंधळी झाली. कोण मेलंय, याचं उत्तर सत्तर वर्षं छापील स्वरूपात पडून आहे.

हे घडतं कसं, ते नीट सांगते, कारण आमच्या अनेक मुलीही अर्धवटच शिकून येतात. ‘ऑक्सिजनने श्वासाची प्रेरणा मरते’ एवढं एक वाक्य पाठ असतं. तो या गोष्टीचा लहान भाग आहे. सीओपीडीच्या फुप्फुसात काही भागांत हवा नीट पोचत नाही. शरीर तिथल्या रक्तवाहिन्या आकसून घेतं आणि रक्त चांगल्या भागांकडे वळवतं. तुम्ही भरपूर ऑक्सिजन सोडलात की त्या आकसलेल्या वाहिन्या सैल होतात. रक्त पुन्हा अशा जागी जाऊ लागतं जिथे हवेची ये-जा जवळपास नाही, आणि तिथून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडू शकत नाही. दुसरं असं, की हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन चढला की त्याला चिकटलेला कार्बन डायऑक्साइड सुटून रक्तात येतो. धडधाकट माणूस जास्त श्वास घेऊन तो बाहेर टाकील. वर्षानुवर्षं चुलीवर सोडणां (नारळाची सालं) जाळून जिची छाती खराब झाली, त्या थकलेल्या आजीला ते जमत नाही. वायू साठतो, रक्त आम्लधर्मी होतं आणि रुग्ण पेंगू लागतो.

सगळ्यात घातक क्षण हाच. रात्रभर धापा टाकणारा माणूस शांत झोपलेला दिसतो. यंत्रावर ९९. घरचे देवाला हात जोडतात आणि चहाला जातात. बोटावरचं यंत्र कार्बन डायऑक्साइड मोजतच नाही, त्यामुळे ९९ हा आकडा तिथे काही सांगत नाही. अशा वेळी हाक मारून जागं करायचं. उत्तर असंबद्ध येतं का, हात गरम लागतात का, नाडी टणटण उडते का, हात पुढे धरायला सांगितल्यावर पंजे फडफडतात का, हे पाहायचं. आणि एबीजी, म्हणजे रोहिणीतलं रक्त काढून तपासणी. धोका असलेल्या रुग्णाला ऑक्सिजन सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर अर्ध्या ते एका तासात ती व्हायलाच हवी. पीएच ७.३५च्या खाली (म्हणजे रक्त आम्लधर्मी) आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब ४५ मिमीच्या वर गेला, तर डॉक्टरांना उठवायचं. बायपॅपचा, म्हणजे मास्कमधून दाबाने श्वास देणाऱ्या यंत्राचा, विचार तिथे सुरू होतो.

इथे आणखी एक घोडचूक होते. कार्बन डायऑक्साइड वाढलाय म्हटल्यावर कोणीतरी घाबरून मास्कच काढून टाकतं. साठलेला वायू शरीरातून लगेच जात नाही, फुप्फुसातली जागा अडवून बसतो, आणि ऑक्सिजन मात्र मिनिटांत उतरतो, तोही उपचार सुरू करण्याआधी होता त्याच्या खाली. पायरीपायरीने उतरवायचं: २८ टक्क्यांचा व्हेंच्युरी मास्क (हवेत मिसळून ठरावीक टक्केच ऑक्सिजन देणारा), नाहीतर नाकातल्या नळीने मिनिटाला एक-दोन लिटर.

सीओपीडी नसलेल्यांसाठीही १०० हा आकडा चांगला नसतो. सॅच्युरेशन १०० असताना रक्तातला ऑक्सिजनचा दाब १०० आहे की ४००, हे यंत्राला कळत नाही. तो ४०० वरून १०० पर्यंत घसरला, म्हणजे फुप्फुस झपाट्याने बिघडलं, तरी पडद्यावर काही हलत नाही. म्हणून बहुतेक रुग्णांसाठी ९४ ते ९८ आणि कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्यांसाठी ८८ ते ९२. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीने २००८ मध्ये ही चौकट दिली, २०१७ मध्ये कायम ठेवली. धोका असलेल्यांत सीओपीडी एकटा नाही: अतिस्थूल माणसं, पाठीचा कणा फार वाकलेले, स्नायूंचे आजार असलेले, जुना ब्रॉन्किएक्टॅसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या) असलेलेही येतात. आणि ‘कमी द्या’ असं मी कुठेही लिहिलेलं नाही. हृदय बंद पडतंय, रुग्ण कोसळतोय, तिथे सीओपीडी असो वा नसो, रिझर्व्हॉयर मास्क (ऑक्सिजनची पिशवी लावलेला) आणि मिनिटाला १५ लिटर. सावरला की मग मोजून खाली. हे मूळ लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात आहे.

२०२१ चा उल्लेख तुम्ही ज्या तऱ्हेने केलात, त्याने वाईट वाटलं. कोविडच्या त्या मे महिन्यात बांबोळीत पहाटे पहाटे ऑक्सिजनचा दाब पडत होता, प्रकरण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेलं. ते दुःख या राज्यात कोणाच्या मालकीचं नाही, वादात काठीसारखं उगारण्यासाठी तर नाहीच. ती माणसं ऑक्सिजन न मिळाल्याने गेली; ऑक्सिजन मोजून दिल्याने नव्हे. त्याच काळातल्या एम्स आणि आयसीएमआरच्या मार्गदर्शनात कोविड रुग्णासाठी ९२ ते ९६ आणि सीओपीडी असेल तर ८८ ते ९२ असंच लिहिलं होतं. हिशेब करा. मिनिटाला १५ लिटर म्हणजे दिवसाला २१,६०० लिटर, म्हणजे सात हजार लिटरचे तीन जंबो सिलिंडर, एका खाटेला. ९९ वर असलेल्या रुग्णाचा मास्क १५ वरून ८ वर आणला तर दीड जंबो शेजारच्या खाटेसाठी उरतो. टंचाईत मोजण्याची गरज वाढते.

मास्कच्या रंगांचं तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. लेखातले रंग व्हेंच्युरी मास्कला जोडायच्या तुकड्यांच्या एका प्रचलित संचाचे होते: निळा २४ टक्के, पांढरा २८, पिवळा ३५, लाल ४०. कंपनी बदलली की रंग बदलू शकतो. म्हणून रंग विसरा आणि तुकड्यावर छापलेला टक्का व लिटर वाचा. बऱ्याच संचांत २४ ला २ लिटर, २८ ला ४ लिटर असतं. रुग्णाचा श्वास मिनिटाला ३०च्या वर असेल तर हा प्रवाह निम्म्याने वाढवायचा. व्हेंच्युरीत त्याने टक्का वाढत नाही, फक्त हवा पुरते. तुकड्याच्या बाजूच्या खिडक्या चादरीखाली गेल्या की टक्का भलताच चढतो, हे मात्र रोज घडतं. साधा मास्क ५ लिटरच्या खाली चालवायचा नाही, सोडलेलाच श्वास परत आत जातो. फ्लोमीटर गोळीच्या मध्यावर वाचायचा. आणि सीओपीडीवाल्याला नेब्युलायझेशन (औषधाची वाफ) शक्यतो हवेच्या यंत्राने. ऑक्सिजनवर द्यावंच लागलं तर सहा मिनिटं. औषध संपल्यावर फुसफुसत राहिलेला तो मास्क मी सांगितलेलं सगळं एका तासात फुकट घालवतो.

काळ्या त्वचेचा मुद्दा नवा नाही. अमेरिकेतल्या २०२०च्या अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना खरं सॅच्युरेशन ८८च्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के आणि गोऱ्यांत ३.६ टक्के निघालं. त्यावरचा उपाय एबीजी आहे, तो वर आलाच. आकडा चुकू शकतो म्हणून आकडाच नको, हे तर्कट मला पटत नाही.

रात्रपाळीला सिस्टर किती, हा प्रश्न आरोग्य खात्याला विचारा. माझ्या लेखाचा तो विषय नव्हता आणि इथे मी त्यात शिरणार नाही. टार्गेट लिहायला डॉक्टरांना अर्धं मिनिट लागतं आणि औषधाच्या फेरीतच सॅच्युरेशन, लिटर आणि मास्कचा प्रकार चार्टवर टिपता येतो, एवढंच सांगते. ‘ऑक्सिजन एसओएस’, म्हणजे ‘लागेल तेव्हा द्या’, हा शेरा मात्र बंदच व्हायला हवा.

तुमच्या वडिलांना घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र) लावलाय, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मला तेच जास्त महत्त्वाचं वाटलं. डॉक्टरांनी जितके लिटर सांगितलेत तिथे कळीवर चिकटपट्टीने खूण करा आणि धाप लागली म्हणून कोणाला ती पुढे नेऊ देऊ नका, फोन करा. चूल, समई, विडी त्या खोलीत नको. मागची जाळी आठवड्याला धुऊन, वाळवून लावा. पावसात वीज जाते तेव्हासाठी बी टाइप सिलिंडर ठेवा: भरलेल्यात साधारण दीड हजार लिटर, म्हणजे मिनिटाला एक लिटरने पंचवीस तास. आणि डॉक्टरांकडून एक कागद लिहून घ्या: सीओपीडी, टार्गेट ८८ ते ९२, शेवटचा एबीजी अमुक तारखेचा. त्यांचा व्हेंच्युरी मास्क त्याच पिशवीत ठेवा. १०८ची रुग्णवाहिका आली की वडिलांच्या आधी ती पिशवी पुढे करा.