उतारावरचा इतिहास

रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाकडे पाहुणे आले की तो त्यांना शक्य तितक्या लवकर गणपतीपुळ्याला किंवा पावसला पाठवून देतो. भक्ती हे त्याचे वरवरचे कारण असते. खरे कारण असे की गाव दाखवायचे म्हटले तर गावाची माहिती लागते, आणि ती आम्हां स्थानिकांजवळ नसते. थिबा पॅलेस आम्हांला रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरता, टिळक आळी लग्नपत्रिकेवर लिहिण्यापुरती आणि जयस्तंभ मोर्चा कुठे जमणार एवढे समजण्यापुरता ठाऊक असतो. यंदा दिवाळीनंतर आलेल्या माझ्या मेहुण्यांनी मात्र पुण्यात बसूनच मोबाइलवरून ‘बॅटरीच्या गाडीतून शहरदर्शन’ नावाची सहल आम्हां उभयतांसकट ठरवून टाकली आणि पैसेही भरून टाकले. भरलेले पैसे परत मिळत नाहीत, असे त्यांनी फोनवर सांगितले तेव्हाच आमच्या घरी विषय संपला.

ही गाडी चारही बाजूंनी उघडी होती. वर छत, खाली बॅटरी आणि मधल्या जागेत आम्ही. पुढे चालक व त्याच्या शेजारी एक प्रवासी, त्यांच्या पाठीमागे दोन, आणि शेवटच्या बाकावर दोन. पण या शेवटच्या दोघांची तोंडे गाडीच्या मागच्या दिशेला. पैसे मेहुण्यांचे असल्यामुळे ते पुढे बसले, बायको आणि तिची वहिनी मध्ये बसल्या, आणि शेवटच्या बाकावर मी व डोंबिवलीहून एकटेच आलेले एक निवृत्त गृहस्थ असे दोघे उरलो. उलटे बसावे लागल्याबद्दल त्यांची काही तक्रार दिसली नाही. डोंबिवलीच्या माणसाला बसायला जागा मिळाली की तो दिशेची चौकशी करत नाही.

चालक चुणचुणीत होता आणि मार्गदर्शकही तोच होता. मारुती मंदिराच्या कोपऱ्यावर गाडी उभी करून त्याने आम्हांला नियम समजावून सांगितले. “सपाटीवर मी थोडक्यात माहिती देणार. उतारावर सविस्तर. चढावर मात्र कोणी काही विचारायचं नाही, तेव्हा माइक बंद असतो. माइक बॅटरी खातो.”

चाके फिरवणाऱ्या मोटरीला जेवढी वीज लागते तिच्या मानाने माइकला लागणारी वीज हिशेबातही धरण्याजोगी नसते, हे मला ठाऊक होते. परंतु उतारावर ब्रेक लावताना हीच मोटर जनित्रासारखी उलट चालून थोडीशी वीज बॅटरीत परत भरते, हेही खरे असल्यामुळे त्याच्या सिद्धान्ताला शास्त्राचा निदान निम्मा आधार होता, आणि आपल्याकडे निम्म्या आधारावर याहून मोठी कामे चालतात. अडचण एवढीच होती की रत्नागिरी हे गाव अर्धे जांभ्याच्या सड्यावर आणि अर्धे त्याच्या पायथ्याशी वसलेले आहे. इथे रस्ता एक तर चढतो, नाही तर उतरतो. सरळ चालणे त्याला फारसे पसंत नाही. त्यामुळे गावाचा इतिहास आम्हांला कालक्रमाने न मिळता भूगोलाप्रमाणे मिळणार, हे निघतानाच ठरले.

थिबा पॅलेसपर्यंतचा रस्ता बराचसा सपाट असल्यामुळे तिथे केवळ सनावळी झाली. १८८५ साली ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचे राज्य इंग्रजांनी घेतले, १८८६ साली त्याला रत्नागिरीत आणून ठेवले, १९१० साली हा राजवाडा बांधून दिला, १९१६ साली राजा वारला, उतरा, अर्धा तास. उतरल्यावर मात्र राजवाडा मनसोक्त पाहता आला. तांबड्या जांभ्याच्या भिंती, उतरती छपरे, ब्रह्मदेशी सागवानाचे काम आणि अर्धवर्तुळाकार कोरीव खिडक्या यांच्यासमोर आम्ही खरोखरच आदराने उभे राहिलो. मेहुण्यांचा आदर थोड्याच वेळात आवारातल्या आंब्याच्या झाडांकडे वळला. “पण तुमच्या कलमांची सर याला नाही,” असे ते मला म्हणाले, आणि शेजारी उभ्या असलेल्या डोंबिवलीकरांना त्यांनी सांगितले की आमच्या बहिणीकडून दर मे महिन्यात घरच्या हापूसच्या पेट्या पुण्याला येतात. बायको खिडकीची नक्षी फारच बारकाईने पाहू लागली. आमच्या परसात एक फणस आहे आणि एक शेवगा आहे.

राजवाड्याकडून गावात उतरताना माइक सुरू झाला आणि मघाशी सांगाडाच दाखवलेल्या राजाच्या अंगावर मांस चढले. मंडालेच्या राजवाड्यातून थिबाला आणि त्याच्या राण्यांना साध्या बैलगाड्यांत बसवून इरावतीच्या धक्क्यावर नेले व तिथून बोटीत चढवले, ही हकीकत चालकाने फार रंगवून सांगितली. माझ्या डोळ्यांसमोरून थिबाचा दुसरा राजवाडा त्या वेळी हळूहळू लहान होत होता, आणि आपल्याला न विचारता कोणी तरी ठरवलेल्या वाहनातून जाणाऱ्या त्या राजाशी मला एकाएकी जवळीक वाटू लागली. राज्य गेल्याचे दुःख मला कळणार नाही. पण उलटे बसून राजवाडा जाताना बघणे कसे असते, ते मला कळले. पुढे चालकाने तो सर्वांना ठाऊक असलेला योगायोगही सांगितला, की मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत होता तेव्हाच, १९०८ ते १९१४ या काळात, रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. इंग्रजांना माणसे एकमेकांच्या गावी पाठवण्याची ही हौस का होती, असे वहिनींनी विचारले, परंतु तेवढ्यात एक छोटासा चढ लागला आणि प्रश्न तसाच राहिला.

टिळक आळीत शिरल्यावर या गाडीचा खरा दोष माझ्या ध्यानात आला. ती आवाज करत नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने हा गुण असेल, परंतु आमच्यासारख्या गावात तो घातक आहे. रिक्षात बसलेल्या माणसाला इंजिनाच्या फटफटीमुळे बाहेरचे कोणी हाक मारू शकत नाही आणि आत बसून कोणाच्याही घराविषयी काहीही बोलता येते. या गाडीत आतले बोलणे बाहेर जाते, बाहेरचे आत येते, आणि वेग असा की दोन्ही वाक्ये पुरी होतात. “हे घर आता पडायलाच आलंय,” असे मेहुणे एका जुन्या घराकडे बोट दाखवून म्हणाले, तेव्हा त्या घराचे मालक फाटकापाशी जास्वंदीला पाणी घालत उभे होते. त्यांनी पाण्याची झारी खाली ठेवली आणि अत्यंत शांतपणे, “अहो, पडायला आलंय ते चुलत्यांच्या वाटणीचं. आमचा भाग मजबूत आहे,” असे सांगून, न्यायालयात कोणती तारीख पडली आहे तेही सांगितले. गाडी पुढे सरकली. मी उलटा बसलेला असल्यामुळे उरलेला दावा मला ऐकून घ्यावा लागला.

थोडे पुढे गेल्यावर ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या आमच्या ओळखीच्या काकांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिले. “काय रे, आज असा पाठमोरा?” मी सांगितले की शहर बघायला निघालो आहे. “कुठलं?” असे त्यांनी विचारले. त्यांच्या आवाजात कुतूहलापेक्षा चिंता अधिक होती, आणि संध्याकाळपर्यंत ती चिंता गावातल्या कोणाकोणाच्या घरी पोहोचेल, याचा अंदाज मला आला. लोकमान्यांचे जन्मस्थान आम्ही पाहिले, तेही नीट पाहिले. कौलारू घर, शांत आवार. २३ जुलै १८५६ ही तारीख शाळेत कितीदा लिहिली, पण ती लिहिताना हे घर डोळ्यांसमोर कधी आले नव्हते.

पतितपावन मंदिराशी दिशांचा घोटाळा झाला. चालक माइकवर “उजवीकडे बघा” म्हणाला, आणि उलटे बसलेल्या डोंबिवलीकरांनी आपल्या उजवीकडे बघून भराभर फोटो काढले. त्यात एका दुकानाची अर्धी उघडलेली लोखंडी शटर, दोन स्कूटर आणि सायकलच्या ट्यूबचा झुबका असा ऐवज आला. सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने १९३१ साली उभे राहिलेले, सर्व जातींच्या हिंदूंना एकाच दारातून आत घेणारे ते मंदिर त्यांच्या पाठीशी होते. मी चूक दाखवून दिल्यावर त्यांनी वळून एक फोटो काढला खरा, पण तोवर गाडी निघाली होती आणि फोटोत मेहुण्यांची टोपी आली. रस्ता सपाट असल्यामुळे सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते, एवढेच सांगून चालक गप्प बसला. तेरा वर्षांना एक वाक्य मिळाले. इथे एखादा उतार असता तर बरे झाले असते.

रत्नदुर्गाच्या चढावर माइक बंद झालाच, शिवाय अर्ध्यावर गाडीही थांबली. “पुरुष मंडळींनी जरा उतरायचं,” असे चालक म्हणाला. हे सहलीच्या माहितीपत्रकात नव्हते. आम्ही उतरलो. गाडी हलकी होऊन, आमच्याकडे न बघता, बायकांना घेऊन वर गेली आणि आम्ही तिघे नोव्हेंबरच्या उन्हात किल्ला चढू लागलो. दुपारच्या वेळी रस्त्यावर झोपलेली कुत्री या गाडीच्या चाहुलीने उठत नाहीत, म्हणून चालकाला दर वळणावर भोंगा वाजवावा लागत होता. त्या आवाजावरून आमचे वाहन किती पुढे गेले आहे, एवढे आम्हांला कळत होते. वर भगवतीचे देऊळ, खाली तिन्ही बाजूंनी समुद्र, पलीकडच्या टेकडीवर १८६७ सालचे दीपगृह. कोकम सरबताचा ग्लास हातात आला तेव्हा मेहुणे म्हणाले की पुण्यात सिंहगडही आम्ही असाच चढतो. त्यांना मी दुसरा ग्लास दिला.

उतरताना मात्र चालकाने किल्ल्याचा इतिहास अक्षरशः ओतला. बहामनी काळ झाला, आदिलशाही झाली, १६७० साली शिवाजी महाराजांनी किल्ला घेतला, आंग्रे आले, पेशवे आले, १८१८ साली इंग्रज आले. घोड्याच्या नालेसारखा आकार झाला, खडकातले भुयार झाले. पुढच्या तिघांना समोर फक्त पेठकिल्ल्याची घरे आणि वाळत घातलेली मासळी दिसत होती, त्यामुळे ते माना मोडून मोडून मागे पाहत होते. शेवटच्या बाकावरच्या आम्हां दोघांच्या समोर मात्र किल्ला तटाबुरजांसह उभा होता, आणि जे ऐकू येत होते तेच दिसत होते. ज्याने ही गाडी बनवली त्याने उतारावरच्या इतिहासाचा विचार करूनच हा बाक उलटा बसवला असावा, असे मला वाटले. मेहुण्यांनी जागा बदलण्याची सूचना केली. डोंबिवलीकरांनी ती ऐकली नाही असे दाखवले.

मांडवीला काळी वाळू, जेटी आणि भेळ एवढे झाले. भेळेत कांदा जास्त होता.

आता जयस्तंभापासून माळनाक्याकडचा लांबलचक चढ उरला होता आणि बॅटरीचे आकडे पाहून चालकाच्या चेहऱ्यावर गांभीर्य आले होते. गाडी मुंगीच्या पावलांनी चढू लागली. आमच्या मागे एक एसटी येऊन लागली. एसटीचा चालक आणि मी, एकमेकांच्या अगदी समोर, मध्ये फक्त त्याची काच. त्याने आधी हॉर्न वाजवला, मग वाजवायचे सोडले, मग तंबाखू मळली. काही वेळाने माझ्याकडे बघून त्याने भुवई उंचावली, तिचा अर्थ ‘उतरून चालत का जात नाही’ असा होता. मी हाताने ‘मघाशी झाले’ अशी खूण केली. रस्ता जरा रुंद झाल्यावर एसटी पुढे गेली आणि तिच्यामागून स्कूटरवर आमचे आंबेवाले प्रकट झाले.

त्यांना ओव्हरटेक करायला भरपूर जागा होती. पण समोर ओळखीचा माणूस आपल्याकडेच तोंड करून बसलेला असताना कोकणातला माणूस पुढे निघून जात नाही. त्यांनी स्कूटरचा वेग आमच्याएवढा केला. “नमस्कार! पाहुणे वाटतं?” मी होय म्हणालो. माइक बंद होता, मोटर बिनआवाजी होती, आणि आंबेवाल्यांचा आवाज बागेत राखणदारी करून कमावलेला होता. “म्हटलं, दिसलात ते बरं झालं. मे महिन्यात पुण्याला पाठवलेल्या त्या पेट्यांचं तेवढं राहिलंय. घाई काही नाही.”

गाडीत कोणी बोलले नाही. तसा नियमच होता. पुढच्या बाकावरून मेहुण्यांचे डोके मात्र सावकाश वळताना मला पाठीला जाणवले. मग त्यांनी मान बाहेर काढून, अतिशय अदबीने, पेटीत डझन किती असतात आणि दर काय लावता अशी चौकशी केली. आंबेवाल्यांनी दर सांगितला. तो आम्हांला लावतात त्याहून कमी होता. मेहुण्यांनी त्यांचा नंबर उतरवून घेतला आणि पुढच्या वर्षीच्या दोन पेट्या तिथल्या तिथे सांगून टाकल्या. डोंबिवलीकरांनीही एक सांगितली.

मारुती मंदिराशी गाडी थांबल्यावर चालकाने मोबाइल पुढे करून अभिप्राय लिहायला सांगितला. मेहुण्यांनी पाच तारे दिले आणि खाली लिहिले, ‘बरीच नवी माहिती मिळाली.’ बायको चढभर एक अक्षर बोलली नव्हती, अजूनही बोलत नव्हती. आम्ही चौघे घराकडे चालू लागलो. मारुती मंदिरापासून आमच्या घरापर्यंतचा रस्ता पूर्ण उताराचा आहे.