सगळ्यांना सारखे मार्क म्हणजे न्याय? त्या फॉरवर्डला उत्तर

शिक्षकांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेलच. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की कॉलेजात ग्रुप प्रोजेक्टला मुलांनाच एकमेकांचं मूल्यमापन करायला लावतात तो निव्वळ फार्स आहे, मुलं दोस्तांनाच मार्क देतात, त्यांना त्यातली अक्कल नसते, मैत्री तुटते, अबोल पोरं भरडली जातात, ही सगळी परदेशी फॅशन आहे आणि शिक्षकांना हात झटकायला निमित्त. त्यापेक्षा ग्रुपला एक मार्क, सगळ्यांना सारखा, हेच खरं टीमवर्क आणि हाच न्याय. खाली सही ‘एक अनुभवी शिक्षक’.

मीही शिक्षकच आहे, मुंबईत इंजिनिअरिंगला शिकवतो, मिनी प्रोजेक्टपासून शेवटच्या वर्षाच्या ब्लॅक बुकापर्यंत, म्हणजे प्रोजेक्टच्या बांधीव रिपोर्टापर्यंत, सगळं हाताखालून जातं. त्यामुळे या मेसेजला उत्तर देणं भाग आहे. क्रम त्यांचा नाही, माझा.

आधी तो ‘सारखे मार्क म्हणजे न्याय’ वाला मुद्दा घेऊ कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. चार जणांच्या ग्रुपला टर्मवर्कचे, म्हणजे सेमिस्टरभरच्या कामाचे, सारखे मार्क दिले की आपण मूल्यमापन टाळलं असं वाटतं, पण टाळलेलं नसतं, चौघांनी बरोब्बर सारखंच काम केलं असा निकाल आपण दिलेला असतो, आणि तोही न बघता. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, घ्यायला बसलेल्या कुणालाही विचारा, प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण असतोच ज्याला ‘तू काय केलंस’ विचारलं की उत्तर ठरलेलं, “सर, डॉक्युमेंटेशन.” मग विचारायचं, बरं, तिसऱ्या चॅप्टरमध्ये काय आहे? की तो शेजारणीकडे बघतो. ती बिचारी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दोन चकरा मारून सेन्सर बदलून आणलेली, रात्री कोड चालवून बघितलेली, आणि मार्क दोघांनाही तेच. हे टीमवर्क?

आणि यात पोरं नालायक आहेत असंही नाही, माणसाचा स्वभावच असा आहे आणि तो मोजून झालाय. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी इंजिनिअरने दोरी ओढायला लावून बघितलं होतं, १९१३ साली छापलं, की माणसं वाढली की दरडोई ओढ कमी होते. मग १९७९ मध्ये अमेरिकेत लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी विद्यार्थ्यांना टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावलं, तर सहा जणांच्या घोळक्यात माणशी आवाज एकट्याच्या ताकदीच्या ४० टक्क्यांवर आला होता. गणपतीत आरतीच्या मधल्या कडव्यांना निम्म्या लोकांचे नुसते ओठ हलतात ना, तेच. पण खरी गंमत पुढच्या प्रयोगात आहे, १९८१ मध्ये त्याच मंडळींनी दाखवलं की घोळक्यातसुद्धा आपला आवाज वेगळा मोजला जातोय असं माणसाला कळलं की ही अंगचोरी जवळजवळ नाहीशी होते. सारखे मार्क नेमकं उलट करतात, कुणाचा आवाज कुठला हे कळायची सोयच काढून टाकतात.

आता दोस्तांना मार्क. हा मुद्दा सगळ्यात जास्त लाइक्स खाऊन जातो, म्हणून जरा सावकाश.

मेसेज लिहिणाऱ्याला वाटतंय की पोरं एकमेकांना ५० पैकी ४८ देतात आणि आपण ते मार्कशीटवर उतरवतो. असं कुणी करत असेल तर तो फार्सच आहे, मला मान्य आहे. पण नीट पद्धतीत प्रोजेक्टचे मार्क शिक्षकच देतात, रिपोर्ट बघून, डेमो बघून. मुलांकडून फक्त एवढंच घ्यायचं की आतली वाटणी कशी होती. इंग्लंडातल्या लफबरो विद्यापीठातून आलेली वेबपीए नावाची सिस्टीम हेच करते, आणि त्यातला हिशोब एक्सेलमध्ये कुणालाही जमेल असा आहे.

समजा चौघं आहेत, कोडवाली, हार्डवेअरवाला, रिपोर्टवाली आणि तो आपला चौथा. ग्रुपला मी ५० पैकी ३६ दिले. प्रत्येकाने बाकी तिघांना ० ते ५ मध्ये आकडा द्यायचा, स्वतःला नाही. कोडवालीने दोघांना ४-४ आणि चौथ्याला १ दिला, हार्डवेअरवाल्याने कोडवालीला ५, रिपोर्टवालीला ४, चौथ्याला १, रिपोर्टवालीनेही तसंच, कोडवालीला ५, हार्डवेअरला ४, चौथ्याला १. आणि चौथ्याने मोठ्या मनाने सगळ्यांना ५. आता प्रत्येकाने दिलेल्या आकड्यांना त्याच्याच बेरजेने भागायचं, म्हणजे कुणी सढळ हाताने दिले काय किंवा हात आखडून दिले काय, प्रत्येकाच्या मताचं वजन एकच राहतं. मग ज्याला जे मिळालं त्याची बेरीज, हाच त्याचा गुणक. कोडवालीचा गुणक येतो १.३३, मधल्या दोघांचा १.१८, चौथ्याचा ०.३१, आणि चौघांची सरासरी बरोब्बर १. त्यानंतर ३६ पैकी निम्मे म्हणजे १८ सगळ्यांना तसेच द्यायचे आणि उरलेल्या १८ ला गुणकाने गुणायचं. कोडवालीला ४२, मधल्यांना ३९.२, चौथ्याला २३.६. बेरीज करून बघा, १४४ येते, म्हणजे ३६ गुणिले ४. एकही मार्क कुणी हवेतून वाढवला नाही.

आता साटंलोटं करा. चौघांनी कॅन्टीनमध्ये बसून ठरवलं, सगळे सगळ्यांना ५ देऊ. काय होईल? सगळ्यांचा गुणक १, सगळ्यांना ३६.

म्हणजे चौघांनी मिळून अशी सेटिंग लावली तरी फार तर तेच होतं जे हा मेसेज न्याय म्हणून मागतोय! ज्याची भीती घालताय तोच तुमचा उपाय आहे की राव. आणि गंमत म्हणजे ही सेटिंग टिकत नाही, कारण फॉर्म लॅबमध्ये एकेकट्याने, गुपचूप भरायचा असतो आणि रात्र-रात्र जागलेल्या माणसाला तिथे ५ लिहिताना हात आखडतो.

यात एक खाच आहे ती सांगतो, ग्रुपला मुळात ४६-४७ मार्क असले तर वरच्या मुलीचे ५० च्या पुढे जातील, म्हणून गुणकाला वर मर्यादा घालावी लागते. अमेरिकेत कॉफमन, फेल्डर आणि फुलर यांनी २००० साली अशीच पद्धत मांडली त्यात ती १.०५ ठेवली होती, म्हणजे कामचोराचे कापले जातात पण राबणाऱ्याला लॉटरी लागत नाही. मला ती जरा कंजूष वाटते, पण दुसऱ्याला खाली ओढून आपण वर जायचा मोह त्याने मरतो हे खरं.

‘मुलांना काय कळतं.’ कळतं हो. २००० साली फाल्चिकोव्ह आणि गोल्डफिंच यांनी ४८ अभ्यास एकत्र करून विद्यार्थ्यांचे मार्क आणि शिक्षकांचे मार्क ताडून बघितले, सहसंबंध सरासरी ०.६९ निघाला (१ म्हणजे पूर्ण जुळणं, ० म्हणजे काहीच संबंध नाही). एवढा जुळतो म्हटल्यावर ‘अक्कल नसते’ हे तरी म्हणू नका. त्यात एक बारीक गोष्ट फार कामाची आहे, निकष मुलांना नीट समजलेले असले आणि एकूण कामावर एकच मत मागितलं तर जास्त जुळतं, दहा रकान्यांत तुकडे तुकडे करून मागितलं तर कमी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, कमिटी बसते आणि पंधरा रकान्यांचा रूब्रिक, म्हणजे निकषांचा तक्ता, बाहेर येतो, ज्यात ‘नेतृत्वगुण’ आणि ‘सकारात्मकता’ असतं. पोरगं सगळीकडे ४ भरून मोकळं होतं.

आणि मुळात त्या रात्री अकराच्या गूगल मीटवर कोण आलं, कुणी ‘नेट गेलं’ म्हणून कॅमेरा बंद केला, हे शिक्षकाला दिसणारच नाही, ते बघणारे तिघंच आहेत. फक्त प्रश्न कृतीवर हवा. ‘याचं योगदान कसं होतं’ विचारलं की दोस्ती बोलते, ‘घेतलेलं काम ठरलेल्या दिवशी दिलं का, दुसऱ्याला अडलं तेव्हा थांबला का’ विचारलं की आठवण बोलते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या कॅटमी नावाच्या अशाच सिस्टीममध्ये प्रत्येक पातळीला माणूस कसा वागतो याची वाक्यंच लिहिलेली असतात ती याचसाठी.

मैत्री तुटते? फुकट्याला सारखे मार्क मिळाले की मैत्री टिकते असं कुणाला वाटत असेल तर त्याने सबमिशनच्या आदल्या रात्री पोरांचा तो दुसरा ग्रुप वाचावा, ज्यात चौथा नसतो. पुढे जाऊ.

अबोल मुलं. हा एकच मुद्दा आहे जिथे मेसेज खऱ्या दुखण्यावर बोट ठेवतो, उपाय मात्र भलताच सांगतो. तिघं एका बिल्डिंगमधले, दादरला कुणाच्या तरी घरी जमणार, आणि चौथी कसाऱ्याहून येते, तिला संध्याकाळची गाडी गाठायचीय. तिला तिघांनीही १ दिला तर तिचाही गुणक ०.३१ च्या आसपासच येणार. आकडा तोच, गोष्ट वेगळी. यावर संशोधकांनीही लिहिलंय, १९९५ मध्ये पाँड आणि सहकाऱ्यांनी सहाध्यायी-मूल्यमापनातल्या खोटेपणाचे चार प्रकार सांगितले, दोस्तीचं मार्किंग, मिलीभगत, काही न करता ग्रुपच्या जिवावर मिळवणारा परजीवी, आणि ‘डेसिबल’, म्हणजे ज्याचा आवाज मोठा त्याला जास्त. आपल्याकडे डेसिबलला आणखी एक फांदी आहे, जो फाडफाड इंग्रजीत प्रेझेंट करतो त्याने सगळं केलं असं ग्रुपलाही वाटायला लागतं.

म्हणून गुणक हा निकाल नाही, ती शिट्टी आहे. माझ्याकडे कुणाचा ०.७ च्या खाली गेला की मार्क भरायच्या आधी तपासणी. लॉगबुक, गूगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी, गिटहबवरचे कमिट (कुणी कोडमध्ये कधी काय बदललं त्याची नोंद), आणि त्या एका मुलाशी किंवा मुलीशी दहा मिनिटं एकट्याने बोलणं. आकड्याखाली एक ओळ कारण लिहायची सक्ती आहे, आणि खरा माल तिथेच असतो. एकदा एका ग्रुपमधल्या मुलीने एका अबोल मुलाला २ देऊन खाली लिहिलं होतं, “तो रोज यायचा सर, पण आम्ही त्याला काम दिलंच नाही, आमचं आधीच वाटून झालं होतं.” बोलावलं त्याला. वहीत पूर्ण सर्किट हाताने काढलेलं, कुणी विचारलंच नव्हतं. त्याचे मार्क मी कापले नाहीत, आणि बाकी तिघांशी काय बोललो ते इथे नको. सारखे मार्क दिले असते तर त्याला मार्क मिळाले असते हे खरं, पण तो पुढच्या सेमिस्टरलाही तसाच कोपऱ्यात बसला असता आणि मला पत्ताच लागला नसता.

यावरचा दुसरा इलाज म्हणजे हाच फॉर्म सेमिस्टरच्या मध्यावर एकदा भरून घेणं, मार्कांशिवाय. नावं न सांगता प्रत्येकाला कळवायचं की ग्रुपला तुझ्याकडून काय कमी पडतंय. कसाऱ्याच्या मुलीला तेव्हाच बोलता येतं की तुमची मीटिंग दुपारच्या सुट्टीत ठेवा. शेवटच्या आठवड्यात पहिल्यांदाच फॉर्म काढणं म्हणजे सूड घ्यायला कागद वाटणं, आणि जिथे जिथे या पद्धतीचं वाटोळं झालेलं मी ऐकलंय तिथे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

परदेशी फॅशन म्हणाल तर २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण काढून वाचा, शाळेच्या प्रगतीपुस्तकातसुद्धा शिक्षकांबरोबर स्वतःचं आणि सोबत्यांचं मूल्यमापन असावं असं त्यात लिहिलंय. आणि आपली सेमिस्टर पद्धत, व्हायवा, क्रेडिट हे काय कोकणातून आलंय का?

राहता राहिलं हात झटकणं. सारखे मार्क भरायला मला एका बॅचला पाच मिनिटं लागतील, एक आकडा लिहा आणि खाली ओढा. या पद्धतीत पहिल्या आठवड्यात निकष सांगा, मध्यावर फॉर्म, शेवटी फॉर्म, सगळ्या कारणांच्या ओळी वाचा, शिट्टी वाजली त्यांना बोलवा, आणि वर ‘सर माझे मार्क का कमी’ म्हणून दारात उभं राहणाऱ्याला उत्तर द्या. साठ-सत्तरच्या वर्गाला हे जड जातं, नाही म्हणत नाही. ज्यांना वेळच नाही त्यांनी निदान एवढं करावं, एक प्रश्न, एक आकडा, एक ओळ कारण, लॅबमध्ये दहा मिनिटांत, आणि निम्म्याऐवजी पाव मार्कच त्यावर ठेवावेत. आणि हे सगळं ग्रुप पडायच्या आधी सांगावं, नंतर नाही. चौथा कुणाच्या ग्रुपमध्ये जायचं ते तेव्हाच ठरवत असतो.