डब्याबाहेरचे काका

सोसायटीच्या पाण्याच्या मीटरचा हिशेब माझ्या गळ्यात पडला, कारण मी ‘कॉम्प्युटरमधला’. एक्सेलमध्ये बेरीज करून मोकळा झालो असतो, तर आज लिफ्टमध्ये लोक माझ्याशी बोलत असते. पण हौस! ३० दिवसांच्या फुकट चाचणीवर जेएमपी नावाचं आकडेवारीचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं.

ते सॅस कंपनीच्या जॉन सॉल यांनी १९८९ साली मॅकिंटॉशसाठी आणलं. आकड्यांची चळत वाचत बसायचं नाही, चित्र काढायचं आणि चित्राला टिचकी मारायची. एका आलेखातला खांब निवडला की शेजारच्या सगळ्या आलेखांत त्याच घरांचे ठिपके उजळतात. चाळीत एका खोलीत भांडण लागलं की सगळ्या खिडक्या उघडतात ना, तसं.

पहिल्या रात्री मात्र ४२ फ्लॅटचे जवळजवळ ४२ खांब आले, सगळे एकाच उंचीचे. बारा वाजेपर्यंत डोकं खाजवलं. मग दिसलं की २०२ पुढे वॉचमनने आकड्याऐवजी ‘कुलूप’ लिहिलंय. त्या एका शब्दापायी अख्खा रकाना मजकूर ठरला होता आणि प्रत्येक आकड्याला नावासारखा वेगळा खांब मिळाला होता. रकान्याच्या नावाशेजारी आकड्यांची खूण म्हणून निळा त्रिकोण हवा, तिथे लाल खांब बसलेले. ‘कुलूप’ पुसलं, रकान्याला ‘बाबा, तू आकडा आहेस’ असं बजावलं, तेव्हा कुठे त्रिकोण उगवला.

रविवारी सभेत भिंतीवर पाणीवापराचा बॉक्स प्लॉट लावला. मधल्या निम्म्या घरांचा डबा, वर-खाली मिशा. मिशी फार तर डब्याच्या दीडपट. त्यापलीकडे जो उरतो तो सुटा ठिपका. ही दीडपट संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांची, पण आमच्याकडे शिव्या मी खाल्ल्या.

“तो वरचा ठिपका कोण?” खजिनदारांनी विचारलं. मी भाबडेपणाने टिचकी मारली. ३०४.

“मी डब्याबाहेर का?” ३०४चे काका उठले. “वाळीत टाकलंय का आम्हाला?”

“तसं नाही काका, टुकींचा नियम...”

“ते कुठल्या विंगमध्ये राहतात?”

वाद नको म्हणून मी त्यांची ओळ लपवून वगळली. आता गंमत अशी, की एक घर वगळलं की डबा नव्याने मोजला जातो. तो आक्रसला, मिशी खाली सरकली आणि इतका वेळ मिशीच्या टोकाला सुखाने नांदणाऱ्या १०१च्या काकू बाहेर पडल्या. काकूंच्या आवाजाला मिशी लागत नाही. त्यांनाही वगळलं, तर ४०३. मग त्यांच्या पाठोपाठ अध्यक्ष. अध्यक्षांनी चहा मागवला.

चहा होईस्तोवर ठिपके संपले होते. भिंतीवर नीटनेटका डबा उभा होता आणि समोर चार माणसं डोळे वटारून बसली होती. तेवढ्यात ३०४च्या काकांचा चेहरा एकदम उजळला.

“म्हणजे आम्ही आता हिशेबातच नाही ना?” ते पिशवी उचलत म्हणाले. “मग या महिन्याचं बिल पाठवू नका.”