३७ मिनिटांचा हिशेब

नागराज मंजुळेचा ‘सैराट’ (२०१६) १७४ मिनिटांचा. त्याचा हिंदी रिमेक ‘धडक’ (२०१८) १३७ मिनिटांचा. म्हणजे ३७ मिनिटं कमी. ‘बरं झालं, सैराट लांबलाच होता’ असं म्हणणाऱ्यांनी दोन्ही सिनेमे लागोपाठ बघावेत, नेमकं काय गेलंय ते कळेल.

‘सैराट’ची चारही गाणी मध्यंतराआधी संपतात. अजय-अतुलनी हॉलिवूडच्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेलं ते श्रीमंत संगीत, विहीर, उसाचे फड, बुलेट, ट्रॅक्टर, सगळं करमाळ्याकडे राहतं. जातीबाहेरच्या प्रेमापायी पळालेली आर्ची-परश्या हैदराबादला पोचल्यावर एकही गाणं नाही. पोरांच्या हातातला पैसा संपतो तसं प्रेक्षकाच्या कानातलं संगीतही संपतं. मग काय उरतं? पत्र्याची खोली, घाणेरडा संडास, न कळणारी तेलुगू, आणि वासानं हैराण होऊन रडणारी पाटलाची पोरगी. हा भाग रेंगाळतो अशी तक्रार असते. रेंगाळतोच, आणि रेंगाळायलाच हवा. परश्याचा संशय, त्यानं उचललेला हात, तिचं निघून जाणं, परत येणं, डोशाची गाडी, मग बाळ. एकेक भांडं जमवत उभा केलेला हा संसार आपण बघितलेला असतो, म्हणून शेवट पोटात लागतो. नाहीतर ती नुसती पेपरातली बातमी.

‘धडक’ याच ठिकाणी घाई करतो. उदयपूरहून मुंबई, नागपूर, मग कोलकाता. गावं वाढली नि मुक्काम आटला. कोलकात्यातली गरिबीसुद्धा छान उजेडात, नीट रंगसंगतीत दिसते. ईशान खट्टरनं जीव तोडून काम केलंय, पण त्याला राहायला घरच दिलेलं नाही.

जातीचंही तसंच. ‘सैराट’मध्ये जातीवर भाषण नाही, पण आर्चीचा भाऊ प्रिन्स वर्गात लोखंडे सरांच्या कानाखाली वाजवतो, त्या एका आवाजात गावाची सगळी उतरंड ऐकू येते. ‘धडक’मध्ये नायकाच्या बापाचं रेस्टॉरंट, नायिकेच्या बापाचं राजघराणं आणि निवडणूक. जात उल्लेखापुरती येऊन जाते, भांडण श्रीमंत-गरिबाचं होऊन बसतं.

माझा खरा राग शेवटावर आहे. ‘सैराट’मध्ये माहेरची माणसं आपल्याच पोरीला मारतात. ‘इज्जत’ नावाचं प्रकरण मुळात तिच्या देहावर उभं असतं, त्यामुळे हे भयंकर असलं तरी त्यांच्या हिशेबात बसतं. ‘धडक’ तिला जिवंत ठेवतो, नवरा आणि मूल तिच्यासमोर वरून खाली पडतात. धक्का मोठा, अर्थ लहान. एका बाईचं दुःख उरतं, घराण्याचा गुन्हा मागे पडतो.

नायिकेमुळे फरक पडला म्हणावं, तर २०१७ च्या कन्नड रिमेकमध्ये, ‘मनसु मल्लिगे’मध्ये, ‘सैराट’ची आर्ची, रिंकू राजगुरूच होती. तरी त्याचा ‘सैराट’ झाला नाही.

‘सैराट’ निर्दोष नाही. पूर्वार्धातलं स्लो मोशन अती आहे. धावणं स्लो, बघणं स्लो, उडी तर स्लोच. कात्री चालवायचीच होती तर इथून दहाएक मिनिटं खुशाल निघाली असती. नागराजच्याच ‘झुंड’मध्ये (२०२२) उलटी गोष्ट झालीये: कॉलेजच्या पोरांविरुद्धची मॅच इतकी रंगते की पुढचा पासपोर्ट-व्हिसाचा भाग सपक लागतो. अमिताभ असूनही.

ओटीटीवर ‘सैराट’ बघणार असाल तर एक सूचना. शेजारीण बाळाला घेऊन परत येते, ते दारातून आत जातं, आणि आवाज पूर्ण जातो. बाळाचं रडणं दिसतं, ऐकू येत नाही. मग फरशीवर उमटत जाणारी इवली लाल पावलं. टीव्ही बिघडलेला नाही, रिमोटला हात लावू नका.